मक्याचं पेट्रोल

"कुणी भरलं हे मक्याचं पेट्रोल?" व्हर्लिनने हातातला पाना जमिनीवर आपटला. "डेल, तुलाच विचारतोय मी!"

समोर बापाच्या वेळची उघड्या टपाची गाडी मुकाट उभी होती. कार्बोरेटर आतून हिरवट आणि चिकट झालेलं. टाकीतून बादलीत काढलेल्या पेट्रोलच्या तळाशी पाणी, आणि शेडभर आंबूस वास. गावच्या मिरवणुकीत दर उन्हाळ्यात हीच गाडी सगळ्यांत पुढे असायची, आणि गाडीत छाती काढून व्हर्लिन. मिरवणूक तासाभरावर आली होती.

व्हर्लिन स्वतः मका पिकवायचा, इथेनॉलच्या कारखान्याला विकायचा आणि त्याच कारखान्याची टोपी मिरवायचा. पण थंडीभर गाडी झाकून ठेवायची तर टाकीत काय घालायचं, हे मिनेसोटात शेंबड्या पोरालाही कळतं. बिनमक्याचं पेट्रोल, तेही काठोकाठ; मक्याचं इथेनॉल मिसळलेलं पडून राहिलं की पाणी धरतं. मग बर्फ वितळेपर्यंत गाडीला हात लावायचा नाही. ऑक्टोबरात त्याने स्वतः तशी टाकी भरून ठेवली होती.

"बाबा, मी गाडीवरचं कापडसुद्धा उचललं नाही," डेल म्हणाला.

"मग काय भुताने फिरवली? मजा मारलीस आणि वर भलतंच ओतून ठेवलंस! चाळिशी आली तरी अकलेच्या नावाने शंख! शेत तुझ्या नावावर करायचं विसर आता. चालता हो इथून!"

जन्मभर याच शेतात राबलेला मुलगा खाली मान घालून उभा राहिला. तो उलट बोलत नाही, याचाही व्हर्लिनला संताप आला.

"त्याच्यावर कशाला डाफरतोस?" दारातून बायकोचा आवाज आला. आर्डिस आत आली. "मी भरलं."

व्हर्लिन खो खो हसला. "तू? या गाडीचं स्टिअरिंग तरी कधी धरू दिलंय तुला?"

"नाही दिलंस. म्हणून तर मला पंपातला फरक कळला नाही. हायवेवर जो पहिला दिसला, तिथे भरलं."

"काठोकाठ भरलेल्या टाकीत?"

"रिकामी झाली होती. बिस्मार्कच्या पुढे."

व्हर्लिनचं हसू मावळलं. बिस्मार्क म्हणजे दुसरं राज्य. "तिथे कोण आहे आपलं?"

"कुणी नाही. म्हणूनच त्या वाटेला लागले. नोव्हेंबरात तू खुब्याच्या ऑपरेशनला इस्पितळात होतास आणि दाराशी एवढी एकच गाडी होती. गावात परतल्यावर पुन्हा काठोकाठ भरून ठेवली, तुला कळू नये म्हणून."

व्हर्लिनने गाडीकडे पाहिलं. "मग परत कशाला आलीस?"

"तुला उठवून बसवायला कुणीतरी हवं होतं. आता तू चांगला दोन पायांवर उभा राहून ओरडतोयस."

ती मुलाकडे वळली.

"डेल, तुझी गाडी बाहेरच आहे ना रे?"