अजून सहा तास

ऋजुतानंच तर तो पट्टा बनवला होता. मनगटावर बांधायचा, सलग तीन दिवस पोट रिकामं दिसलं की सरकारी जेवण कायमचं सुरू, ना अर्ज, ना वशिला. शेवंताक्काचे आता फक्त सहा तास उरले होते आणि तिला उठवतही नव्हतं. मागं दोनदा शेजारणीनं न राहवून भाकरी दिली आणि मोजणी परत पहिल्यापासून सुरू झाली.

अक्काच्या घरी बसलेल्या ऋजुतानं आपला डबा उघडला, लगेच बंद केला.

"तूच केलंस न्हवं? मग बदल की."

"कुणालाच बदलता येऊ नये, असंच केलंय अक्का."

"मग तू तरी जेव. दारात आलेलीला मी उपाशी न्हाई धाडत."

ऋजुतानं घास घेतला. अक्का हळूच जवळ सरकली.

"वासानं काय बिघडत न्हाई न्हवं?"