घराची खूण

नूरचाचांच्या छातीत कळ आली तेव्हा घरात त्यांची सून सुमैरा एकटीच होती. त्यांचं डोकं मांडीवर घेऊन तिनं ॲम्ब्युलन्सवाल्याला फोनवर पत्ता सांगितला, भिंगारात सगळे सांगतात तसाच. "टांगा अड्ड्यावरनं आत या. लाकडी माडी सोडली की कौलारू दवाखान्यासमोरचं घर."

"ताई, मी पारनेरचा. इथं टांगा न्हाई, माडी न्हाई, कौलं न्हाईत. सगळीकडं नुसत्या काचा आन् शटरं!"

खरंच की! अड्ड्यावर मोबाईलची दुकानं होऊन जमाना झाला होता. माडी पाडून मंगल कार्यालय झालं, दवाखान्याच्या जागी कपड्यांचं तीन मजली दुकान. तिच्या तोंडात मात्र अजून जुनीच गल्ली होती.

"भाऊ, कुणालाही नूरचाचांचं घर विचारा, पण लवकर या!"

चाचांचा श्वास अडखळायला लागला. बाहेर सायरन जवळ आला आणि पुन्हा लांब गेला. तेवढ्यात फोनवर ड्रायव्हर ओरडला.

"ताई, सगळे एकच खूण सांगत्यात. दारात खुर्ची टाकून चाचा बसलेले दिसले, की तेच घर. दोनदा गल्ली पालथी घातली मी..."

&nbsp;

"...पन चाचा कुठंच दिसंनात!"