एकोणीस शनिवार

“बाबा, हे असंच टाकायचं?” सुनेने तिसऱ्यांदा विचारलं.

“असंच.”

फोटोत एक जाड पुस्तक होतं. कव्हर सुबक, कोपरे धारदार. पण उघडलं की आतलं सगळं खाली डोकं वर पाय. कव्हरच उलटं चढवलं होतं. सासऱ्यांनी मात्र खाली झोकात लिहून दिलं होतं, ‘कव्हर असे चढवावे.’

तिने बटण दाबलं. एकोणिसावा लेख गेला.

बाबांनी चाळीस वर्षं बाइंडिंगचं दुकान चालवलं होतं. दुकान विकल्यावर सुया, दोरे, पुठ्ठे आणि कटिंग मशीन मागच्या खोलीत आलं. एके दिवशी त्यांनी तिला विचारलं होतं, “ते इंटरनेटवरचं कोणीही वाचू शकतं ना?”

“हो.”

“ज्याचा पत्ता आपल्याला ठाऊक नाही, असा माणूससुद्धा?”

ती काय ते समजली. बाबांचा धाकटा भाऊ त्यांच्याच हाताखाली काम शिकला, आणि सव्वीस वर्षांपूर्वी भांडून दुकानातून गेला तो गेलाच. ना पत्र, ना फोन. भांडण कशावरून झालं, ते बाबांनी घरात कधी सांगितलं नाही. दारावरची बेल वाजली की मात्र आधी त्यांचीच मान वळायची.

तिने ब्लॉग काढून दिला. नाव ठेवलं ‘पुठ्ठा आणि दोरा’. फोटो काढायला शिकवलं. बाबा फोन दोन्ही हातांनी धरायचे, काठोकाठ भरलेला पेला धरावा तसा. दर शनिवारी एक लेख.

पहिले दोन आठवडे वाचक तीन. ती, तिचा नवरा आणि तिची आई. त्यातली आई पुस्तक फक्त उशाला घेणारी.

तिसऱ्या लेखात पानांचा क्रम चुकला. कुठल्याशा ग्रंथालयातल्या बाईंनी लिहिलं, “आजोबा, सोळानंतर एकदम तेहेतीस?” मग कोणीतरी मागे जाऊन पहिला लेख काढला. त्यात खळ इतकी लावली होती की पानं एकमेकांना घट्ट चिकटली होती. “पुस्तक मागितलं होतं, वीट नाही,” असा शेरा पडला. लोक येऊ लागले. या आठवड्यात म्हातारा कुठे चुकला, ते शोधायचा खेळच झाला. दहाव्या लेखापर्यंत चारशे वाचक झाले.

“काय म्हणतात?” बाबा रोज संध्याकाळी विचारायचे.

“छान म्हणतात.”

“खोटं बोलू नकोस. सगळं वाच.”

ती वाचायची. बाबा डोळे मिटून टोमण्यांसकट ऐकायचे आणि शेवटी म्हणायचे, “बस? नवीन कोणी नाही?”

“नाही, बाबा.”

नवरा वैतागला होता. “बंद कर तो तमाशा. वहीचं कव्हर केसभर वाकडं झालं म्हणून ज्या माणसानं मला तीनदा काढायला लावलं, त्याला आता उलटं पुस्तक दिसत नाही! पुढच्या सोमवारी डॉक्टरांकडे नेतोय मी त्यांना. आणि समज, काकांनी हे पाहिलं तर? सव्वीस वर्षांनी दादाचं दर्शन घडलं, तेही असं?”

तिलाही काळजी होतीच. एकच गोष्ट तिला खटकायची. टाके चुकीच्या जागी असले तरी सगळे एका रेषेत असायचे. हात कुठेही थरथरलेला दिसायचा नाही. जुनी सवय असेल, अशी तिने मनाची समजूत घातली.

वहीचं मात्र तिने नवऱ्याला सांगितलं नाही. महिनाभर बाबा खिडकीशी बसून एका वहीत काहीबाही लिहीत होते, पानाच्या अगदी काठाला टेकवून.

“थोडा समास सोडा की, बाबा.”

“सोडायचा नाही.”

“कशासाठी लिहिताय एवढं?”

“कापायला.”

शनिवार उजाडला. ती मागच्या खोलीत गेली, मनाशी पक्कं ठरवूनच. “बाबा, आता थांबवू या. लोक हसतात. मला नाही ऐकवत.”

बाबांनी मान वर केली. आयुष्यात कधी कोणापुढे हात न पसरलेला माणूस हळू आवाजात म्हणाला, “एकच राहिलाय, बाळ. एवढा होऊ दे. मग कायमचं बंद कर.”

मशीनला तेल दिलेलं होतं. पात्याखाली ती वही होती, आणि पातं बरोबर अक्षरांवर येत होतं. बाबांचा हात चाकावर होता, पण चाक फिरत नव्हतं.

फोटोसाठी तिने फोन उघडला. गेल्या शनिवारच्या, एकोणिसाव्या लेखाखाली एक नवी प्रतिक्रिया आली होती. पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं. तिने ती आधी मनात वाचली.

“नवीन कोणी आहे?” बाबांनी विचारलं.

“हो.”

“वाच. सगळं वाच.”

तिने वाचलं.

“दादा, या एकोणीसच्या एकोणीस चुका माझ्या आहेत, तुझ्याकडे कामाला लागलो त्या वर्षातल्या, आणि क्रमही तोच आहे. विसावी त्या गिऱ्हाईक बाईंनी बांधायला दिलेल्या, त्यांच्या आईच्या वहीची, जिची अक्षरं माझ्या हातून कापली गेली आणि तू मला सगळ्यांदेखत हाकललंस. ती तू करू नकोस. हात बाजूला घे, मी येतोय.”