घाबरू नको हं
उंदराच्या मेंदूतला द्रव केसाएवढ्या नळीतून थेट मास स्पेक्ट्रोमीटर या रसायनं मोजणाऱ्या यंत्रात जात होता. मेंदू किती साखर जाळतोय, ते पडद्यावरच्या रेघेत त्याच क्षणी दिसत होतं. जुन्या यंत्रावर उंदीर घाबरल्याची रेघ उशिरा, सुई टोचून झाल्यावर उसळायची, त्यामुळे खापर सुईवर फुटायचं. संशोधक बाईंनी सिरिंज भरली आणि रोजच्यासारखं पिंजऱ्याशी वाकून लाडानं म्हटलं, “घाबरू नको हं, सोन्या.” रेघ टुणकन वर गेली. सुई अजून हातातच होती. “नळीत बुडबुडा असेल,” त्या पुटपुटल्या. तपासलं, बुडबुडा नव्हता. त्यांनी पुन्हा तेच म्हटलं. रेघ पुन्हा उसळली. यंत्रावर बसलेला सहकारी हसला. “मॅडम, माझा दातांचा डॉक्टर असंच म्हणतो. ऐकलं की मी खुर्चीचे हात घट्ट धरतो.” बाई हसल्या नाहीत. त्या पुन्हा वाकल्या आणि तितक्याच मायेनं म्हणाल्या, “आता दुखणार आहे हं, सोन्या.” रेघ हललीसुद्धा नाही.