भरल्या किटल्या

घाटमाथ्यावर जनी झोरे सगळ्यांच्या पुढे होती, तरी मागच्या जीपमध्ये तिच्या फडतरे सरांनी कपाळाला हात लावला. आता उतार होता, आणि सायकलची शर्यत पायथ्याशी संपणार होती.

चढाला या पोरीचा हात धरणारं कुणी नव्हतं. शाळेत असल्यापासून तिनं रोज पेंडीचं पोतं सायकलवर लादून गावचा घाट चढवला होता. पण त्याच घाटानं रोज सकाळी हँडलला दुधाच्या भरल्या किटल्या अडकवून ती शहरात उतरायची. हळूहळू, ब्रेक दाबत, थेंब न सांडता. पुढे किटल्या सुटल्या, ब्रेक काही सुटेना. आज पहिल्या तिघींत आली नाही, तर संघाचा खर्च उचलणारी कंपनी तिला संघातून काढणार होती.

बघता बघता पाच जणी तिला ओलांडून गेल्या.

"ब्रेक सोड की गं!" सर वायरलेसवर ओरडले.

"सोडते हो सर," ती म्हणाली, आणि ब्रेक पुन्हा करकरले.

विनवण्या झाल्या, शिव्या झाल्या, देवाच्या शपथाही घालून झाल्या. शेवटी सरांचं डोकंच फिरलं. "अगं जने, ऊन बघ किती चढलंय! दूध नासायला लागलंय!"

जनी गोळीसारखी सुटली. वळणं आली नि गेली, पाचही जणी मागे पडल्या.

गळ्यात हार पडला, फोटो निघाले, तरी तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. गर्दीतून सर दिसताच ती धापा टाकत म्हणाली, "सर, नासलं नाही ना?"