वेंडेल टॉर्गर्सन यांचं मतपरिवर्तन

मार्नीची गाडी अंगणात शिरली तेव्हा तिचे वडील, वेंडेल टॉर्गर्सन, गोठ्याकडून लगबगीने येत होते. दोन वर्षांनी लेक माहेरी येत होती. त्यांनी तिला जवळ घेतलं, तिची बॅग उचलली आणि जाता जाता गाडीच्या मागच्या बाजूला एक नजर टाकली. तिथे डेमोक्रॅटिक पक्षाचं निळं स्टिकर असायचं. मार्नीने ते कालच खरवडून काढलं होतं. बाबांना उगाच टोचायला नको.

"रस्ता कसा होता?"

"कोरडा. बर्फ नाही अजून."

"हरणं फार आडवी येतात या दिवसांत."

"जपूनच आले, बाबा."

अंगणात दर निवडणुकीला रोवलेली असायची ती रिपब्लिकन पाटीही दिसत नव्हती. मार्नीच्या ते लक्षात आलं.

बापलेकीचं फाटलं ते एका मजकुरावरून. मार्नी निवडणुकीत मतमोजणीला स्वयंसेवक म्हणून बसायची. वेंडेलनी तेव्हा तमाम नातेवाइकांना फोनवर पाठवलं होतं, की शहरात मतपत्रिकांची पोतीच्या पोती जाळली आणि मोजणारेच त्यात सामील होते.

"बाबा, मोजणारी मीच होते," मार्नी म्हणाली होती.

"तुला कशाला दाखवतील ते?" वेंडेल म्हणाले होते.

मग मार्नीनेही रागाच्या भरात त्यांच्या लाडक्या पुढाऱ्याच्या महालाचा फोटो सगळीकडे फिरवला. तो महाल परदेशातलं एक हॉटेल निघाला. वेंडेलनी ते गावभर दाखवलं. "ही माझी शिकलेली लेक," असं म्हणत. त्यानंतर दोघांत शब्द नव्हता. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाला मार्नीची खुर्ची रिकामी राहू लागली आणि तिची आई, आर्डिस, दोन माणसांसाठी अख्खी टर्की भाजू लागली.

या ऑक्टोबरात आर्डिसचा फोन आला.

"तुला म्हणून सांगते," ती हळू आवाजात म्हणाली. "बाबा बदललेत तुझे. या खेपेला तुमच्या पक्षाला मत देणार आहेत. पण लाजतात गं. तू विषय काढू नकोस. तुला कळलंय हेही दाखवू नकोस. मोडेन पण वाकणार नाही असा माणूस वाकलाय, त्याला सांभाळून घ्यायला हवं."

मग मार्नीनेच वडिलांना फोन लावला आणि विचारलं, "थँक्सगिव्हिंगला येऊ का?" पलीकडून वेंडेल घसा खाकरून म्हणाले होते, "हे काय विचारणं झालं?"

आता घरात टर्कीचा खमंग वास भरला होता. टीव्हीवर बातम्यांतला बाबांचा आवडता माणूस तावातावाने बोलत होता. मार्नी आत येताच वेंडेलनी स्वतः उठून टीव्ही बंद केला. मार्नीला भरून आलं.

जेवायला बसल्यावर वेंडेलनी बटाट्याची पातळ पोळी घेतली, लोणी-साखर लावून गुंडाळली आणि मार्नीच्या ताटात ठेवली. ती लहान असताना ठेवायचे तशीच.

"दुधाचा भाव पुन्हा पडलाय," ते म्हणाले.

एरवी याच वाक्यावरून वॉशिंग्टन गाठलं गेलं असतं.

"चढेल परत," मार्नी म्हणाली.

"चढेल की," वेंडेल म्हणाले.

"टर्की कोरडी झालीये का?" आर्डिसने मध्येच विचारलं.

"मुळीच नाही," दोघं एकदमच म्हणाले आणि हसले.

जेवणानंतर मार्नी भांडी विसळू लागली. वेंडेल फडकं घेऊन शेजारी उभे राहिले. खिडकीबाहेर मक्याचं कापलेलं रान उन्हात पिवळंधमक पडलं होतं.

"मत बदलायला हिंमत लागते," वेंडेल ताट पुसत म्हणाले.

मार्नीने त्यांच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर ते संकोचले असते.

"लागतेच, बाबा."

"वाटतं, आपली माणसं हसतील."

"घरातलं कुणी हसणार नाही."

"छे. या घरात तर नाहीच." त्यांनी तेच ताट पुन्हा पुसायला घेतलं. "मीही फार ताणलं तेव्हा."

"मीही ताणलंच की."

"चला, कॉफी निवतेय," आर्डिस बाहेरून ओरडली.

दुपार पत्ते खेळण्यात गेली. वेंडेल हरले आणि हरूनही खुशीत होते. मार्नीला वाटलं, जिंकल्यावर मिरवण्यापेक्षा गप्प राहण्यात किती सुख असतं. एवढ्या मोठ्या मनानं आपण आजवर कधी वागलो नव्हतो. वडिलांनी आपलं मत सोडलं, निदान आपण त्यांचा मान तरी ठेवला.

ऊन उतरायला लागलं तशी ती निघाली. आर्डिसने उरलेली टर्की आणि भोपळ्याचं गोड 'पंपकिन पाय' डब्यात भरून दिलं आणि ती दारातच थांबली. वेंडेल गाडीपर्यंत आले. त्यांनी काच खाली करायची खूण केली आणि दारात उभ्या असलेल्या बायकोला ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात म्हणाले,

"तुझ्या आईनं मला ऑक्टोबरातच सांगितलं, तू या खेपेला आमच्या पक्षाला मत देणार आहेस म्हणून. लाजू नकोस पोरी, तुझ्या शहरातल्या मित्रमंडळींना माझ्याकडून एक अक्षर कळायचं नाही."