रेबेकाचं झाड

विश्वासानं सोपवलेली वस्तू स्वतःच्या जिवापेक्षा जास्त जपावी, असं सीताबाईचं ठाम मत होतं. सध्या त्या वस्तूची पानं काळी पडून, तेलात बुडवून काढल्यासारखी लोंबत होती.

"गेलं," तिचा नवरा जनू म्हणाला. जन्म मिठागरावर गेलेला माणूस. झाडाशी त्याचा संबंध सावलीपुरता, आणि मिठागरावर तीही नसते.

"तोंड आवरा. नाय गेलं."

झाड समोरच्या रेबेकाचं. पेणच्या त्या इमारतीत समोरासमोरच्या दारांत दोघींची हयात गेली होती. दिवाळी आटोपल्यावर रेबेका आणि सॅम्युएल मुलीकडे इस्रायलला निघाले. खाली टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता, सॅम्युएल पासपोर्ट शोधत होता, दोघी रडत होत्या. टॅक्सी गेली. सीताबाई वर आली तर जिन्यापाशी कुंडी. ना चिठ्ठी, ना निरोप. इतक्या वर्षांच्या शेजारात काही गोष्टी बोलाव्या लागत नाहीत. सीताबाईनं डोळे पुसले आणि कुंडी घरात आणली.

दुसऱ्याचं लेकरू म्हणून तिनं त्याला घरातलं सगळ्यात चांगलं ते दिलं, म्हणजे मासळी धुतलेलं पाणी. तिचा कढीपत्ता याच पाण्यावर गच्चीला टेकला होता. हे झाड मात्र थंडी सुरू होईतो काळं पडलं.

रोह्याच्या नणंदेनं फोनवर अंड्याची टरफलं सुचवली. ती घातली. काही झालं नाही. शेवटी कुंडी मांडीवर घेऊन सीताबाई मिनीडोअर रिक्षात बसली आणि जनूला ओढत गडबच्या नर्सरीत गेली. तिथला पोरगा, आदर्श त्याचं नाव, शेतकीची पदवी घेऊन नोकरीची वाट बघता बघता नर्सरीवाला झाला होता.

"एग्लोनिमा हाय," तो म्हणाला. "याला थंडी बाधलीय."

"पेणात?" जनूनं विचारलं. त्यानं अंगातल्या बनियनकडे एकदा पाहून घेतलं.

"पाणी कसलं घालता, मावशी?"

"मासळीचं."

"बर्फातल्या?"

हौसा कोळीण धरमतर बंदरावरून मासळी आणते ती बर्फाच्या पेटीत. धुताना सीताबाईची बोटं बधिर व्हायची. झाडाच्या मुळांचं काय होत असेल, हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

"आता काय करू?"

"काय नाय करायचं. साधं पाणी, तेही माती सुकली तरच. खत नको. खिडकीच्या वाऱ्यात नको. काळी पानं आत्ताच ओरबाडू नका. थांबायचं."

"कवर?"

"खालून कोंब येईतो."

"आणि नाय आला तर?"

"तर नाय आला." आदर्शनं मागची एक कुंडी पुढे सरकवली. "हे न्या. सेम हाय. कुणाला कळणार नाय."

"मला कळेल ना," सीताबाई म्हणाली.

काहीही न करणं हे सीताबाईला लग्नानंतर कधी जमलं नव्हतं. ती तासातासाला उठून मातीत बोट घालून बघे. पान गळलं की पदरात घेऊन बसे.

"स्वेटर विण त्याला," जनू म्हणाला.

"तुमच्यासाठी विणलेला घातलात का कधी?"

शनिवारी संध्याकाळी रेबेकाचा व्हिडिओ कॉल यायचा. त्याआधी कुंडी मोरीत लपवली जायची. रेबेका सगळं विचारी. जनूचा गुडघा, नळाचं पाणी, हौसाची कोळंबी. झाडाचं नाव काढत नसे.

"विसरली असेल," जनू म्हणायचा.

"तिला समजलंय. मला लाज वाटू नये म्हणून विचारत नाय. मोठ्या मनाची हाय ती."

या मोठ्या मनानं सीताबाईची झोप उडाली. रेबेका एप्रिलमध्ये परत येणार होती. एकेक पान गळत शेवटी नुसती काडी उरली. जनूनंही चेष्टा बंद केली. हे लक्षण सीताबाईला सर्वांत वाईट वाटलं.

होळीच्या सुमाराला काडीच्या बुडाशी हिरवं टोक दिसलं. सीताबाईनं जनूला हाक मारली. तो चष्मा लावून बराच वेळ वाकून बसला.

"कोंब हाय," तो म्हणाला. आणि उगाचच खोकला.

रेबेका आली त्या दिवशी टॅक्सी थांबण्याआधीच सीताबाई कुंडी घेऊन जिन्यात उभी होती. दोन पानं उलगडली होती, तिसरं अजून सुरळीसारखं गुंडाळलेलं होतं.

"रेबेका गो, माझ्याच हातून झालं," ती म्हणाली. "मासळीचं पाणी घातलं, बर्फातलं. सगळी पानं गेली. तुझ्यापासून लपवलं. पण मेलं नाय. तुझं होतं म्हणून मरू दिलं नाय."

रेबेकानं कुंडीकडे पाहिलं. मग सीताबाईकडे.

"सीते," ती म्हणाली, "एवढं कोण करतं गो?"

तिनं कुंडी छातीशी धरली. दोघी पुन्हा रडल्या. जनू बॅगा वर नेत राहिला.

"रोज सकाळी येऊन बघीन मी त्याला," सीताबाई म्हणाली.

"ये ना," रेबेका म्हणाली आणि दार लावून घेतलं.

आत सॅम्युएल पंख्याखाली बसला होता. त्याचं कुंडीकडे लक्ष गेलं.

"हे कुठून आलं?"

"हळू बोला."

"अगं, तुझ्या हाताला याच्यानं खाज सुटते म्हणून जाताना मीच घंटागाडीसाठी बाहेर ठेवलेलं ना हे?"